यांना मोतिया

लग्न होऊन मी इंदूरच्या छत्रीबागेतल्या या घरात आले, त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून घराच्या भिंतींना एकच रंग लागत आला, मोतिया. मोत्यासारखा पांढुरका. खरं सांगायचं तर लावूनही न लावल्यासारखा दिसणारा. पण तो यांचा लाडका. हे रेल्वेतून रिटायर झाले तरी घरातला सिग्नल यांच्याच हातात राहिला होता.

गेल्या दिवाळीआधी मी हट्टाला पेटले. सगळं घर राहू दे, निदान झोपायची खोली तरी माझ्या मनासारखी हवी. मला फिका गुलाबी हवा होता. बिटाच्या कोशिंबिरीत दह्याला कडेकडेने येतो ना, तेवढाच. राजवाड्याजवळच्या दुकानातून मी शेड कार्ड आणलं. त्यावर त्या रंगाचं नाव ब्लश पिंक असं होतं. यांच्यापुढे कार्ड धरलं, तर यांनी ते धड पाहिलंही नाही.

"गुलाबी रंग ब्यूटी पार्लरला ठीक आहे. कोणी आलं-गेलं तर काय म्हणेल?"

आमच्या झोपायच्या खोलीत या वयात कोण येणार-जाणार आहे, हे मी विचारलं नाही.

पेंटर आला तो बडा गणपती मंदिराकडचा, पन्नाशीचा आणि भलताच बोलघेवडा. हे अंघोळीला गेले होते. त्याने खोलीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "कौनसा रंग करना है, अम्माजी?"

"मुझे तो गुलाबी चाहिए," मी म्हटलं. "और इनको मोतिया."

आम्ही इंदूरची मराठी माणसं निम्मी क्रियापदं हिंदीत बोलतो आणि निम्मी मनातल्या मनात. एकदा 'चाहिए' म्हटलं होतं, ते पुन्हा कशाला म्हणायचं? पण इथल्या हिंदीत मोतिया म्हणजे मोतीबिंदूसुद्धा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पेंटरचा चेहरा पडला.

"अरे राम राम. कब से?"

"शादी हुई तब से."

"इत्ते साल से? और किसीने कुछ किया नी?"

"करेगा कौन? ये किसीकी सुनते हैं क्या?"

तेवढ्यात हे टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. रंगाची चर्चा चाललीय म्हटल्यावर यांनी लगेच निकाल देऊन टाकला. "मोतिया है भिया, मोतिया. इसमें बहस नहीं."

"हओ बाबूजी. पर अब देर मत करो. आजकल तो दस मिनट का काम है."

"दस मिनट?" हे भडकले. "पहले घिसाई तो करोगे?"

"घिसाई-विसाई कुछ नी, मशीन से हो जाता है. अपनी अम्मा का भी कराया. अब सुई में खुद धागा डालती हैं."

हे माझ्याकडे वळले. "काय बोलतोय हा?"

माझ्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला होता. "त्याची आई शिवणकाम करते," मी म्हटलं.

हे पेपर घेऊन पुढच्या खोलीत गेले. पेंटर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अम्माजी, आप तो अपनी पसंद का लगवा लो. इनको क्या फरक पड़ना है." चांगल्या बाईने तिथेच त्याचा गैरसमज दूर केला असता. मी मुकाट्याने मान डोलावली. चाळीस वर्षांत आयती संधी पहिल्यांदाच आली होती.

दोन दिवस पेंटर यांना हाताला धरून उंबरा ओलांडून द्यायचा आणि यांच्याशी मोठमोठ्याने बोलायचा. "फारच आदबशीर माणूस आहे," हे म्हणाले. तिसऱ्या दिवशी खोली तयार झाली आणि मी भांडणासाठी पदर खोचून उभी राहिले. हे आत आले, कमरेवर हात ठेवून चारी भिंती पाहिल्या.

"बघ, मतलब, मोतियाची बातच वेगळी."

टोमणा असेल, असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात यांनी शेजारच्या काकांना खोली दाखवायला आणलं. "मोतिया आहे," हे ऐटीत म्हणाले. काकांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि चहा न घेताच गेले. मी केलेली थट्टा माझ्याच गळ्यात आली होती.

काका गेल्यावर मी सरळ सांगून टाकलं. "अहो, ही भिंत गुलाबी आहे."

हे हसले. मग माझा चेहरा पाहून हसायचे थांबले. भिंतीजवळ गेले, नाक टेकेल इतके जवळ. "खरंच?" असं विचारताना यांचा आवाज अगदी बारीक झाला.

मग सगळं बाहेर आलं. सहा महिने पेपर नुसता हातात धरला जात होता. मी मोठ्याने वाचलेल्या बातम्यांवर काम चाललं होतं. स्कूटर गुडघा दुखतो म्हणून बंद होती, असं मला वाटत होतं. "बाबांचा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येच गेला," हे म्हणाले. "मला नाही करायचं. जेवढं दिसतंय तेवढं बस."

मी सासऱ्यांना पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्या भीतीशी कसं भांडायचं ते मला कळेना. मी समजावलं, रागावले, रडले. शेवटी त्या पेंटरलाच पुन्हा चहाला बोलावलं. त्याने आपल्या आईला घेऊन यावं अशी गळ घातली. म्हातारीने यांच्यासमोर बसून सुईत दोरा ओवला. एकदा नाही, तीनदा. पुढच्या आठवड्यात हे तयार झाले.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी देवाशी सरळ सौदा केला. यांचा डोळा राहू दे, मग आयुष्यभर घरात मोतिया लावीन, गुलाबी साडीसुद्धा नेसणार नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येताना रिक्षात, दिसतंय का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. खोलीत येऊन यांनी काळा चष्मा काढला आणि मधोमध उभे राहून गोल फिरले.

"गुलाबी आहे हे."

"हो."

"चांगलंच गुलाबी आहे."

"सोमवारी बदलून टाकते," मी घाईने म्हटलं. "मोतिया लावू."

हे खिडकीपाशी गेले, खाली वाकले आणि कोपऱ्यात बोट ठेवलं.

"इथे रंगाचा दुसरा हात लागलेलाच नाही. त्या भियाला बोलाव. आणि हाच रंग आण म्हणावं, दुसरा चालणार नाही."

मी जाऊन शेजारी वाकले. डोळे इतके भरून आले होते की बोटसुद्धा धड दिसेना.

"अगं, इथे, इथे," हे ओरडले. "एवढं मोठं आहे, तुला दिसत कसं नाही?"