शेगडीजोगं पातेलं: परळ ते तांबाकाटा

एका पातेल्याची खरी किंमत आधी सांगून टाकतो. दुकानदाराला दोन रुपये चौदा आणे. ट्रामला जाता-येता दोन आणे, भुलेश्वरात पुरीभाजीला दीड आणा, आणि बायकोच्या माथी एकटीनं वाढायच्या दोन पंगती. ही शेवटची रक्कम सगळ्यांत जड. तिची वसुली अजून चालू आहे.

परळला आमची खानावळ आहे. कोकणातून आलो तेव्हा गिरणीत सूत सांधत होतो. आता सूत सांधणाऱ्यांना जेवू घालतो. लाकूड महागलं, म्हणून यंदा चूल मोडून दगडी कोळशाची लोखंडी शेगडी आणली. तिच्या आचेला मडकी तडकली आणि घरातलं जुनं पितळी पातेलं पुढे आलं. दोनदा कल्हई केली, दोनदा उडाली. उघडं पितळ आणि कोकम यांचं पटत नाही. आमटी कळकायला लागली. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवावा तशी.

"वयनी, आमटी कोकमाची की पितळेची, ता सांग गे," गिरणीत माणसं लावणारा बाबू जॉबर ताटावरून म्हणाला. मग मला, हळूच : "पगारापर्यंत बघतंय. नाय सुधारली तर माझी माणसां लालबागेत जेवतली." त्याची माणसं म्हणजे आमची निम्मी पंगत.

"उद्या नवं पातेलं आणतो," मी बायकोला म्हणालो. "भांडं पारखायला डोळे लागत नाहीत, कान लागतात. टिचकी मारली की धातू आपली कुंडली सांगतो. आजवर एका दुकानदाराला मला फसवता आलेलं नाही."

"आणा," ती म्हणाली.

भायखळ्यापर्यंत सकाळी पायीच जावं, धूळ बसलेली असते. तिथून घोड्यांची ट्राम. पुढच्या बाकावर मात्र बसू नये. घोड्याच्या शेपटीचा वारा फुकट मिळतो.

आधी कुंभारवाड्यात उतरलो. मडक्यातल्या आमटीला तोड नाही, तेव्हा एखादं दणकट मडकं मिळालं तर हवंच होतं. कुंभारानं एकच विचारलं, "शेठ, लाकडावर रांधता की कोळशावर?"

"कोळशावर."

"तर मग नेऊ नका. सोमवारी न्याल, मंगळवारी माझ्या नावानं बोंब माराल."

विकायला बसलेला माणूस नको म्हणतो, असं मुंबईत क्वचित घडतं. त्याच्याकडे पाणी प्यालो आणि निघालो.

तांबाकाट्यावर, भांड्यांच्या बाजारात, हातोड्यांचा असा गजर, की लोक भाव बोटांनी करतात. एका दुकानात लोखंडाच्या कढया पाहिल्या. पण लोखंडात कोकम काळं पडतं. विलायती मुलाम्याचे टोप दिसायला नवरीसारखे, पण एकाच्या काठाचा मुलामा दुकानातच उडालेला. शेजारी गिरगावच्या वाडीतल्या दोघी गजरावर आवाज चढवून कल्हईवरून बोलत होत्या. मी कढई न्याहाळत राहिलो. कान रिकामेच होते.

"राहत नाही म्हणतेस, पण फोडणी कशात देतेस?" थोरलीनं विचारलं.

"त्यातच की, काकू."

"कोरड्या भांड्यात, तेल धुरावेपर्यंत?"

"हो."

"मग कशी राहील? कथील ते, वितळणारच. फोडणी लोखंडी पळीत दे, वरून ओत."

"सासूबाई तर जन्मभर त्यातच देत होत्या."

"सासूबाईंची चूल होती गं. तुझी शेगडी आहे."

मी निमूटपणे एक लोखंडी पळी घेतली. मग पातेल्याकडे वळलो. दुकानदारानं एक जाडजूड पुढे सरकवलं. "मालक, कोळशाची आच एका जागी लागते. जाड बूड घ्या."

पितळ वजनावर विकतात, हे मला ठाऊक होतं. जाड बूड म्हणजे जाड किंमत. मी हसलो आणि टिचकी मारली. ठप्प. शेजारच्या हलक्या पातेल्याला मारली. त्या गजरातही ते देवळातल्या घंटेसारखं घुमत राहिलं.

"हे तोला."

"शेगडीला पातळ पडेल, बरं का."

"तुमचं काम तोलायचं."

त्यानं तोललं.

येताना ट्राम हिसडली की मांडीवरचं पातेलं वाजे. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट?"

"मांडीवरच्या पोराला माफ असतं ना?"

"मांडीवरचं पोर एवढं कोकलत नाही, काका."

दुसऱ्या दिवशी त्यात भात घातला. मधोमध भाकरीएवढा काळा चट्टा, कडेला शितं कच्ची. बायकोनं पातेलं उतरवलं, पळीनं एकदा ठणकावलं आणि म्हणाली, "अहो, हे पातेलं आहे की झांज?"

मग जुन्याच जाड पातेल्याला तिसऱ्यांदा कल्हई केली. फोडणी लोखंडी पळीत, आमटी पातेल्यात. पगाराच्या दिवशी बाबू जॉबरनं वाटी दोनदा पुढे केली. "आज कोकमाची आसा," एवढंच बोलला. त्याची सगळी माणसं दुसऱ्या दिवशीही आली.

तुम्ही तांबाकाट्यावर गेलात तर घरी जळण काय आहे ते आधी सांगा, आणि दुकानदार जाड बूड म्हणाला तर एकदा तरी त्याचं खरं धरा. जुन्या पातेल्याला मी परवा टिचकी मारून पाहिली. ठप्प.

नवं पातेलं दारात दोरीनं टांगलंय. जेवण तयार झालं की बायको त्यावर पळी आपटते. गिरणीच्या फाटकापर्यंत ऐकू जातं.