गॅसच्या नियमांची सुनावणी

२००८च्या सुमारास मी अमेरिकेत, रॉकी पर्वतांजवळ, भूजलाचा अभ्यास करत होते आणि एका वयस्कर, एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घरी भाड्याने राहत होते. त्यांच्या कुरणापलीकडे गॅसची विहीर खोदली गेली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. कंपनीचं म्हणणं, वास आधीपासूनच असेल. आधीचं पाणी कुणी तपासलंच नव्हतं.

तेव्हाच राज्य सरकार ड्रिलिंगचे नवे नियम करत होतं. मसुद्यावर सुनावणी होती. बाई म्हणाल्या, "तूही चल. तुला पाण्यातलं कळतं."

हॉलमध्ये पुढच्या रांगांत एकसारख्या टोप्या घातलेली माणसं बसली होती. "कंपनीने आणलेत," बाई कुजबुजल्या. खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता, पण मलाही तसंच वाटलं. नियम ठरवणाऱ्या मंडळातलं कोण कुणाकडे बघून मान डोलावतंय, हेच मी बघत बसले.

माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "ड्रिलिंगच्या आधी शेजारचं पाणी तपासणं सक्तीचं करा. नंतर काहीच सिद्ध करता येत नाही."

मधल्या सुट्टीत कंपनीचे एक गृहस्थ जवळ आले. "छान बोललात. पदवी झाल्यावर व्हिसाचं काय करणार? आम्हाला भूजलाची माणसं लागतात."

माझं शिक्षण संपत आलंय, हे यांना कुणी सांगितलं? मी नको म्हटलं आणि बाजूला झाले. पण बाईंनी आम्हाला बोलताना पाहिलं होतं.

परतताना बाई गाडी चालवत होत्या. मग म्हणाल्या, "काय म्हणत होता?"

"नोकरी देतो म्हणत होता."

"आणि तू?"

"नको म्हटलं."

त्यांनी फक्त आरसा नीट केला.

पुढे नियम झाला. आधी पाणी तपासायचं, असं त्यात आलं; पण फक्त गॅसच्या नव्या विहिरींसाठी. बाईंच्या बोअरला त्याचा काही उपयोग नव्हता.

मी बोअरचं पाणी विद्यापीठात तपासलं, त्यात मिथेन, म्हणजे विहिरीतल्या गॅसचा मुख्य घटक, निघाला. तो विहिरीतून आला की आधीपासूनच जमिनीत होता, ते मात्र सांगता येईना. काही दिवसांनी बाई म्हणाल्या, "मी दुसरीकडूनही तपासून घेतलं. तेच निघालं. तुला राग आला का?"

"नाही," मी म्हटलं. "मीही तेच केलं असतं."

आणि आम्ही दुकानातून पाण्याचे कॅन आणायला निघालो.