पिवळ्या पट्टीवरचे आबा

आमच्या चाकणच्या कंपनीच्या गेटवरचे आबा नमस्काराच्या आधी माणसाचं तोंड हुंगायचे. सिक्युरिटीची टोपी, पांढऱ्या मिशा, आणि जगातला प्रत्येक जण काहीतरी लपवतोय अशी नजर. देवळातून आलेल्यालाही "परसादात काय हुतं?" असं विचारणारा माणूस!

संशय आला की ते गेटच्या आत रंगवलेल्या पिवळ्या पट्टीवरून चालायला लावायचे, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत. प्यायलेला तिथे हमखास सापडे. मी दारूला शिवत नाही. पण पहिल्याच दिवशी पट्टीबाहेर गेलो तो थेट कुंडीवर आदळलो. आबांनी हुंगलं. वास नाही. पुन्हा हुंगलं. "वास न येनारं काय घेतोस रं?" तेव्हापासून माझी बाटली, डबा, खिसे, सगळ्याची रोज झडती. माझं डोकं फिरायचं. हा म्हातारा आपली नोकरी घालवणार, असं मी धरूनच चाललो होतो.

मग एकदा माझ्या हातून बेअरिंगचा क्रेट पडला. हातून वस्तू निसटणं मला नवीन नव्हतं. घरी मला लहानपणापासून धांदरटच म्हणत. पण सुपरवायझरने ठरवून टाकलं, हा पिऊन आलाय, उद्यापासून बंद. साहेबांनी आबांना बोलावलं. मी मनातल्या मनात गाशा गुंडाळला.

"ह्यो पट्टीवर चालत न्हाई, खरं हाय," आबा म्हणाले. "पर पीतबी न्हाई. माजा ह्याच्यावर इस्वास न्हाई, म्हनून रोज हुंगतो साहेब. दुसरं कायतरी हाय. दवाखान्यात धाडा."

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शर्टाची बटणं, बुटाची नाडी, सायकल, सगळं लहानपणापासूनचं विचारलं, तपासण्या केल्या. म्हणाल्या, हा हालचालींच्या समन्वयाचा विकार, लहानपणापासूनचा. बुद्धी शाबूत असते, पण हातापायांची हालचाल जुळवणं मेंदूला जड जातं. मोठेपणीही तो पुरता जात नाही. काम तुकड्यातुकड्यांनी शिका, सराव ठेवा. नोकरी टिकली. मला माल तपासायच्या टेबलावर बसवलं.

हे सांगितल्यावर आबा म्हणाले,

"माजा धाकटा भाऊ असाच. पडायचा, सांडायचा. पेताड म्हनून आमी त्याला घरातनं काढला. तळेगावात असतो. तू चल संगं. माजं त्याला खरं वाटायचं न्हाई."

गेलो. भावाने दार उघडलं, आबांना पाहिलं आणि लावून घेतलं. मी बंद दाराशीच बोलत राहिलो: बटणं, नाडी, सायकल, डॉक्टरीणबाई. आबा माझ्यामागे टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांचा मला इतका राग यायचा, पण त्या वेळी आला नाही.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. "सायकल मलाबी कदी जमली न्हाई," भाऊ मला म्हणाला आणि त्याने मला आत घेतलं. आबांना ये म्हणाला नाही.

मी चहा पिऊन बाहेर आलो, तेव्हाही ते उंबऱ्याबाहेर तसेच उभे होते.