सहाव्या घोड्याची अट

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पाच घोडे होते आणि एक नवरा. त्यांतला नवराच तेवढा जागचा हलायचा, तोही जेवणाच्या वेळी.

घोडे लाकडी, जत्रेतल्या गोल पाळण्याचे. पहिला मला जुन्या बाजारात भेटला, एका फुटक्या कमोडशेजारी. असा दात विचकून उभा होता की मला बघायला आलेले सगळे मुलगे एकदम आठवले. त्यांना नकार दिला होता, याला घरी आणलं. वाघोलीकडच्या एका पाळणेवाल्यांनी फायबरचे घोडे घेतले आणि हे काढून टाकले, असं भंगारवाल्याने सांगितलं. वर्षभरात त्याच्याकडून आणखी चार आणले.

मग मी बाल्कनीत बसून त्यांचे रंग खरवडले. गुलाबीखाली हिरवा, हिरव्याखाली चंदेरी, चंदेरीखाली पुन्हा गुलाबी. शेवटी शिसवी रंगाचं पॉलिश केलं. प्रत्येकाच्या पाठीतून पोटापर्यंत आरपार एक ओंगळ भोक होतं. तेही पुट्टी भरून असं बेमालूम बुजवलं की माझी मलाच दृष्ट लागावी.

पाळण्याचे घोडे मात्र सहा होते. सहाव्यासाठी मी थेट वाघोली गाठली.

पाळण्याच्या मालकीणबाई पत्र्याच्या शेडपुढे लसूण सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. मागे लोखंडी सांगाड्यावर फायबरचे पाच घोडे लटकत होते आणि त्यांच्यात गुलाबी रंगाचा माझा लाकडी सहावा. त्याच्या बरोबर समोरच्या घोड्याला वाळूचं पोतं बांधलेलं होतं. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून काही असेल.

"मावशी, हा एक द्या की मला. माझा सेट पूर्ण होईल."

"आदी बाकीचं पाच बगते," मावशी म्हणाल्या. "नीट नांदत्यात का बगते. मंग सांगते."

रविवारी त्या दोन बस बदलून आल्या. मी घोडे एका रांगेत उभे केले होते आणि पुढे पलंगपोस टांगला होता. मावशी खुर्चीत बसल्यावर तो सर्रकन ओढला.

"नांदी राहिली," नवरा पेपरामागून म्हणाला.

मावशी घोड्यांभोवती फिरल्या. "रंग कुटं गेला?"

"काढला. आतलं लाकूड बघा ना, काय सुंदर..."

"आमचं मालक दरसाल जत्रंआदी रंग द्यायचं. लेकराला लांबनं घोडा दिसाया पायजे. ह्ये तर कपाट वाटतंय." पेपर हसला. "कोन बसतं ह्यांच्यावर?"

"छे हो! बसायचे नाहीत. अँटिक आहेत."

"मंग बसा तुमी."

त्यांच्याकडे रीत होती. जत्रा सुरू व्हायच्या आधी घरातल्या सगळ्यात जड माणसाने प्रत्येक घोड्यावर एक फेरी घ्यायची. घोड्याला तो पेलला, तर लेकरू पेलणारच. हे काम मालकांचं होतं. मालक गेले आणि मुलगे निघाले काटक्या.

"घरात वजनाचं मानूसच न्हाई ऱ्हायलं," मावशी म्हणाल्या आणि बाजारात म्हैस पाहावी तसं त्यांनी मला शिंगापासून खुरापर्यंत पाहिलं.

"विचार कर," नवरा म्हणाला. "तुला येताना बघून सोफासुद्धा करकरतो."

आता न बसून कसं चालेल? ओढणी कमरेला आवळली, स्टुलावर चढले, प्रेक्षकांना मुजरा केला आणि पहिल्या घोड्यावर स्वार झाले. तीन सेकंद मी महाराणी होते. चौथ्या सेकंदाला काडकन पुढचे दोन्ही पाय मोडले आणि मी फरशीवर आले. घोड्याचं तोंड माझ्या मांडीवर, दात तसेच विचकलेले.

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "लागलं का फार?"

"नाही हो."

"घोड्याला विचारतोय."

मावशी डोळे पुसत हसत होत्या. मग त्यांनी घोड्याच्या पोटाखाली हात फिरवला. "भोक कुटं हाय?"

"बुजवलं."

"अवो बाई, ह्यो पायावर उबा नसतोय, सळईवर लटकतोय! समदा भार सळईवर. पाय निसतं दिसाया."

म्हणजे जे पाय जन्मात कधी टेकले नव्हते, त्यांच्यावर मी घोडा उभा केला आणि वर स्वतः बसले. सहावा आता गेलाच, हे मी ओळखलं.

"न्हाई देत," मावशी म्हणाल्याच. मग चहा संपवून म्हणाल्या, "पर दोन हप्त्यावं जत्रा हाय. ह्याला भोक पाडा, पाय बशीवा, रंग द्या, आन् घिऊन या. तुमीबी या. वजन घिऊन."

सुताराने पाय बसवले. भोक मी स्वतः पाडलं. शिसवी पॉलिशवर गुलाबी ऑइलपेंट मारताना डोळ्यांत पाणी आलं. काही रंगाच्या वासाने, बाकीचं खरं.

जत्रेच्या सकाळी मावशींच्या मुलांनी पोतं बांधलेला फायबरचा घोडा उतरवला आणि त्या जागी माझा टांगला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक लाकडी घोडा जड, समोरचा फायबरचा हलका. पाळणा कलू नये म्हणून माझ्या घोड्याच्या जागी इतके दिवस वाळू फिरत होती.

मी बसले. "आरं, पाळना पडंल!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. त्या दिशेला मी हात हलवला. मुलांनी ढकललं, सळई कण्हली, घोडा मात्र हू की चू नाही. एक फेरी झाली. दुसरीसाठी मी उतरेना, तेव्हा मावशी ओरडल्या, "उतरा! वजन बगायचं हुतं, हौस न्हवं!"

मग सहाव्यावर बसले. रीतच ती, प्रत्येकावर बसायचं. एक फेरी का होईना, तो माझा झाला.

निघताना मावशींनी रिक्षात माझ्या पायाशी ते वाळूचं पोतं टाकलं. "ह्ये न्या. आमाला आता काय करायचंय?"

नवऱ्याने दार उघडलं. "सहा करायला गेलीस आणि चारावर आलीस," असं म्हणून त्याने पोत्याकडे पाहिलं. "आणि हे कुठल्या शतकातलं?"

पोतं अजून दिवाणखान्यातच आहे. त्याच्यावर पाय ठेवून तो पेपर वाचतो.