आबांचा मुका फोन

अक्षय्य तृतीया, सकाळी पावणेबारा. कर्जतच्या एका मोबाईलच्या दुकानात मी अकरा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये दिले. हजर चौघे: मी, माझी बायको, शेलूला राहणारी माझी धाकटी बहीण आणि आमचे वडील, म्हणजे आबा. फोन आबांसाठी होता, आणि तो नको असलेले चौघांत ते एकटेच होते.

"याला बटनं कुठं हायत?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"काका, याला बटणं नसतात."

"मंग एवढे पैशे कशाचे घेतोस?"

आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून ते कर्जतजवळच्या कोंडाणे गावात एकटे राहतात. दीड एकर भात, परसात पाच आंबे, आणि दिवसभर ज्यांच्याशी भांडता येईल असे शेजारी, एवढ्यावर त्यांचं छान चाललेलं असतं. मी लोधिवलीला राहतो आणि खालापूरच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळतो. नटबोल्टसुद्धा सही घेतल्याशिवाय देत नाही, म्हणून माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. बहिणीने शेलूला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा एक खोली आबांसाठी धरूनच घेतला. आबा तिथे एकदा राहूनही आले, दीड दिवस. परत आल्यावर म्हणाले, "खिडकीतनं हात बाहेर काढला तर शेजाऱ्याच्या चहात बुडतो."

त्यांचा जुना बटणांचा फोन विहिरीत पडला आणि दोन दिवस त्यांचा पत्ताच लागला नाही, तेव्हा बहिणीने निर्वाणीचं सांगितलं की एक तर चांगला फोन, नाही तर शेलू. इतर घरांत असल्या गोष्टी रडून किंवा अबोला धरून मिटतात. मी दुकानातच फोनच्या बिलाच्या मागे करार लिहिला: "आबांनी रोज संध्याकाळी सात वाजता मुलाला व मुलीला फोन करावा. सलग तीन दिवस त्यांचा आवाज ऐकू आला नाही, तर त्यांनी शेलूला राहायला जावे." खाली तिघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून बायकोची घेतली. "मला कशाला गुंतवताय तुमच्यात?" असं म्हणत तिने ती केली.

आबांनी फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकला. त्या एका खिशात त्यांचा सगळा संसार असतो: तंबाखू, चुना, चष्मा, दाढेच्या गोळ्या, वीजबिल. त्यात आता अकरा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांची भर पडली.

श्रावणापर्यंत सगळं सुरळीत होतं. सातला फोन यायचा, "हाय मी, मेलो नाय," एवढं बोलून आबा ठेवून द्यायचे. मग एका संध्याकाळी फोन वाजला, मी उचलला, आणि पलीकडे काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. मी आठ वेळा "हॅलो, आबा" म्हणालो. शेवटी मोटारसायकल काढली आणि चौक गाव, कर्जत करत, खड्डे चुकवत, सव्वा तासाने कोंडाण्यात पोहोचलो. आबा ओटीवर बसून भाकरी खात होते.

"आलास? कवापासून बोंबलतोय मी. भैरं झालात का रं समदी?"

त्यांना आमचं सगळं ऐकू येत होतं. त्यांचं आम्हाला काही येत नव्हतं. फोनचा माईक गेला होता.

वॉरंटीत होता, म्हणून पनवेलच्या सर्व्हिस सेंटरला नेला. तिथे एसी होता, टोकन होतं, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. काउंटरवरच्या मुलीने बिल मागितलं, पुढची बाजू बघितली, मग मागची वाचली, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, यात वॉरंटी फोनची आहे की आजोबांची?"

मी म्हणालो, "दोघांची एकत्रच आहे असं धरा."

चार दिवसांनी फोन मिळाला. जॉबशीटवर लिहिलं होतं: सॉफ्टवेअर अपडेट केले. कोंडाण्याला नेऊन सुरू केला. मुकाच. पुन्हा पनवेल. या वेळी माईक बदलला. आबांचा आवाज नऊ दिवस आला आणि दहाव्या दिवशी गेला. तिसऱ्या खेपेला आतलं मुख्य बोर्डच बदललं. "आता नवाच झाला समजा," मुलगी म्हणाली. नवा अकरा दिवस चालला. प्रत्येक खेपेनंतर मला मेसेज यायचा की आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या. शून्य तारे द्यायची सोय त्यात नव्हती.

फोन पनवेलला असेल ते दिवस करारात मोजायचे नाहीत, असा निर्णय मी दिला. बहीण म्हणाली, "दादा, तू आबांच्या बाजूने अंपायरिंग करतोस."

करतच होतो. आबांना शेलूला नेलं तर ते तिथे जेवतील, झोपतील, लिफ्टने खाली-वर करतील आणि कुणाशी भांडायला न मिळून सहा महिन्यांत वाळून जातील, हे मला दिसत होतं. बहिणीलाही तिच्या जागी भीती होती: भाताच्या बांधावर पाय घसरून पडले आणि कुणाला कळलंच नाही तर? ती चुकीची नव्हती. म्हणून तर सगळं त्या माईकवर येऊन थांबलं होतं.

मुक्या दिवसांत आबांनी स्वतःची पद्धत काढली. फोन करायचा, आम्ही बोललेलं ऐकायचं, ठेवायचा, आणि मग मिस्ड कॉल द्यायचे. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. याचा खरा फायदा माझ्या बायकोने घेतला. एकदा सात वाजता ती भाकऱ्या थापत होती, फोन स्पीकरवर होता, आणि तिच्या लक्षात आलं की सासऱ्यांना ऐकू येतंय पण उलट उत्तर देता येत नाही. असा योग चोवीस वर्षांत आला नव्हता.

"आबा, ऐकताय ना? मग आज ऐकाच. लग्नानंतर चौथ्या दिवशी तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, सुनेच्या आमटीत डाळ शोधायला गळ टाकावा लागतो. आठवतंय?"

तिथून सुरू झालं ते बारशापर्यंत आलं, बारशावरून तिच्या माहेरच्या पितळी घंगाळाकडे वळलं. मी घड्याळ बघत होतो, अकरा मिनिटं. शेवटी ती म्हणाली, "बरं, औषध घ्या वेळेवर," आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने मिस्ड कॉल आले. दोन.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा आबा तिला म्हणाले, "अकरा मिंटं बोललीस गं. त्यातली आठ मिंटं खरं होतं. घंगाळ मी नाय इकलं."

"मग कुणी विकलं?"

"तुझ्या सासूनं."

आई हयात नसल्यामुळे हा मुद्दा तिथेच बंद झाला.

दिवाळीनंतर मी चौथ्यांदा पनवेलला गेलो. सोबत चार पानी तक्रारअर्ज नेला. त्यात तारखा, जॉबशीटचे क्रमांक, किती किलोमीटर, किती पेट्रोल, किती अर्धे दिवस रजा, सगळं रकाने आखून लिहिलं होतं. मुलीने तो अर्ज आत नेला. चार दिवसांनी फोन परत दिला तेव्हा कागदावर एकच ओळ होती: दोष आढळला नाही.

"अहो, तुमच्यासमोर बोलून दाखवतो," मी म्हणालो, आणि काउंटरवरूनच बायकोला फोन लावला. आवाज खणखणीत गेला. "आता मला कशाला फोन करताय, दूध उतू जातंय," ती म्हणाली. मुलगी माझ्याकडे दयेने बघत होती. चार पानी अर्जासकट मी खोटा ठरलो.

कोंडाण्यात तो आवाज सहा दिवस टिकला. मग आबा एक दिवस मुके, दुसरा दिवस मुके, तिसरा दिवस मुके. फोन पनवेलला नव्हता, त्यामुळे अंपायरला बोलायला जागा नव्हती. बहिणीने फोन केला. "दादा, करार तूच लिहिलास. रविवारी गाडी घेऊन येते."

रविवारी आबांनी काहीच भांडण केलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली. कपड्यांची पिशवी त्यांनी स्वतःच भरून ठेवली होती. शेजारच्याला गोठ्याची किल्ली दिली, आंब्यांकडे एकदा बघितलं, आणि गाडीत पुढे बसले, मी मागे. गाडी कर्जतला पोहोचली. बाजाराजवळ आल्यावर म्हणाले, "थांब गं पोरी. तमाखू घेऊ दे. तुझ्या तिकडं आमची मिळल न मिळल."

बहिणीने गाडी बाजूला घेतली. आबा पानवाल्याकडे गेले. त्याला लागूनच मोबाईल दुरुस्तीचं एक अरुंद दुकान होतं; एक माणूस बसला की भरून जाईल एवढं. आतले गृहस्थ माझ्याच वयाचे, दाढी मेंदीने रंगवलेली, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. मी उतरलो तो पाय मोकळे करायला, पण आबांनी निघतानाच माझ्याकडे देऊन टाकलेला फोन माझ्या हातात होता, आणि हात आपोआप पुढे झाला.

"माईक जातो. चार वेळा कंपनीकडे नेला," मी म्हणालो. अर्ज घरी राहिला होता, नाही तर तोही दिला असता.

त्यांनी फोन उघडला नाही, सुरूही केला नाही. उलटा धरला, खालच्या बारीक भोकाकडे भिंगातून बघितलं, नाकाजवळ नेला आणि हुंगला. मग एक सुई घेतली, काळं फडकं पसरलं, आणि भोकात दोनदा हलकंच टोचलं. फडक्यावर पांढरी भुकटी पडली.

"भाऊ, घरात चुना कोण खातो?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळून बघितलं. गाडीच्या खिडकीतून बहिणीनेही बघितलं. पानवाल्यासमोर उभे असलेले आबा चुन्याची नवी ट्यूब टोपण न लावता डाव्या खिशात सोडत होते.

"काय बघताय रं?" ते म्हणाले.

दुरुस्तीवाल्यांनी समजावून सांगितलं. फोन खिशात उभा राहतो, तळाला चुना. ओला चुना भोकात जातो, वाळतो, घट्ट बसतो. कंपनीवाले माईक नवा टाकतात तेव्हा भोकही साफ होतं, कधी नुसतं उघडून बंद केलं तरी भुकटी झडते, आणि चार दिवस आवाज येतो. "त्यांनी आत सगळं बदललं. बाहेरून कुणी बघितलं नाही."

मीही नव्हतं बघितलं. सत्तावीस वर्षं मी कुठल्या कप्प्यात काय आहे ते लिहून ठेवतो, आणि आबांच्या खिशात काय आहे ते मला तोंडपाठ असूनही मी पनवेलला खेपा घालत होतो.

बहीण गाडीतून उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. "आबा! म्हणजे चार महिने तुम्हीच तुमचा फोन बंद पाडत होता?"

"मला काय ठाव त्याला चुना चालत नाय?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. आबा पन्नासएक पावलं चालत रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या बंद दुकानापाशी जाऊन उभे राहिले. बहिणीचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, आणि स्पीकर नसतानाही मला सगळं ऐकू आलं, कारण आबा तसेही ओरडतच बोलतात.

"आवाज येतोय का गं?"

"येतोय."

"तिसरा दिस संपला का?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिसरा दिवस गुरुवारीच संपला होता. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि मला वाटतं आबांनाही माहीत होतं. मी दुकानाच्या पाटीकडे बघत राहिलो. आयुष्यात एवढं एकदाच मी मोजायचं टाळलं.

"नाही संपला," बहीण म्हणाली.

"मंग गाडी फिरव."

गाडी फिरवण्याआधी तिने एक अट घातली, आणि ती मला लिहूही दिली नाही. फोन आणि चुना एका खिशात राहणार नाहीत. आबांनी तंबाखू सोडावी असंही ती म्हणाली, पण ते ऐकू न आल्याचं आबांनी दाखवलं. ती पद्धत त्यांना चांगली जमली होती.

सर्व्हिस सेंटरला मी दुसऱ्या दिवशी पत्र पाठवलं. चार पानांच्या जागी चार ओळी: दोष आमच्याकडचा निघाला, तक्रार मागे घेतो, मात्र चार खेपांत आपल्यापैकी कुणीही त्या भोकात डोकावलं नाही, याचीही नोंद असावी. बायकोने वाचून विचारलं, "माफी मागताय की पुन्हा भांडताय?" उत्तरादाखल सेंटरकडून मेसेज आला: आमची सेवा कशी वाटली, तारे द्या.

दुरुस्तीवाल्यांनी वीस रुपये घेतले. मी बिल मागितलं तेव्हा भिंग काढून माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "वीस रुपयाचं?" तरी लिहून दिलं. आणि कर्जतच्याच एका शिंप्याला मी दोनशे दहा रुपये दिले, सात सदऱ्यांना उजव्या बाजूला एकेक नवा खिसा लावण्याचे, खिशाला तीस प्रमाणे.