आखाजीचं आवतण

पुण्याच्या डॉक्टरांनी माझा फोटो लॅपटॉपवर उघडला आणि पेनाच्या टोकानं दाखवत गेले. भुवयांवरचं हाड घासायचं, जबड्याचे दोन्ही कोन कमी करायचे, हनुवटी आखूड, नाक बारीक, कपाळावरचे केस थोडे खाली आणायचे. मग शेजारी दुसरं चित्र आलं. माझ्याच डोळ्यांची एक बाई माझ्याकडे बघत होती. मला रडू आलं. डॉक्टरांना वाटलं, आनंदानं रडतेय. मी बघत होते डावीकडच्या, पुसल्या जाणाऱ्या तोंडाकडे. ते हुबेहूब माझ्या वडिलांचं तोंड होतं.

हार्मोनच्या गोळ्या सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. कातडी मऊ झाली, छाती आली, दाढी लेझरनं गेली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, पण लोक नेमके शेपटाकडेच बघतात. अंबडला कोर्टासमोर मी प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. पक्षकार पाठीमागून येतो, वेणी बघून ‘ताई’ म्हणतो. मी वळते, त्याला जबडा दिसतो, आणि पुढचं सगळं बोलणं तो नुसतं ‘ओ’ म्हणून उरकतो. मोबाइलवर आमच्यातल्याच काही जणी सांगतात, आहे तो चेहरा आपला माना, हाडं कापून कुणी बाई होत नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यातल्या बऱ्याच जणींना नाजूक हनुवटी आयती मिळालेली असते. उपदेश करायला काय जातंय.

आमचं घर धावड्याला. त्याच्या सात वर्षं आधी भावानं ‘तोंड काळं कर’ म्हणून मला घराबाहेर काढलं, तेव्हा वडील ओसरीवर खाली मान घालून बसले होते. आई चुलीपाशी होती, ती उठली नाही. पुढे वडील गेले ते मला तेराव्यानंतर कळलं. त्यामुळे त्यांचं शेवटचं तोंड मी पाहिलं ते आरशातच, असं म्हटलं तरी चालेल.

ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांवर आली होती आणि आईचा फोन आला. सात वर्षांतला पहिला. “आखाजीला जेवायला ये,” म्हणाली. “सकाळीच ये.” आणि ठेवून दिला.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन माणसं घरी येतात, सासरी गेलेल्या लेकी आणि मेलेले पितर. मला पहिलंच आठवलं. चांगल्या घरच्या लेकीसारखी मी मोरपंखी साडी घेतली, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. भोकरदनच्या स्टँडवर बस बदलताना मी ठरवून टाकलं, ऑपरेशन नको. ज्या तोंडाला आई आखाजीला बोलावते, ते तोंड घेऊन जगता येईल. लोक काय, ‘ओ’ म्हणतील. आई लेक म्हणाली की झालं. इतकी हलकी मी त्याआधी कधी झाले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

दारात आईनं मला नीट बघितलं. साडीकडे नाही, तोंडाकडे. मग म्हणाली, पाय धू आणि पाटावर बस.

पाट देवळीसमोर एकटाच मांडलेला होता. बाजूला पाण्यानं भरलेली नवी घागर, आणि घडी घातलेला टॉवेल, त्यावर पांढरी टोपी. मग मला कळलं. मेलेल्या पुरुषाच्या नावानं बाहेरचा एक पुरुष पाटावर बसवतात, त्याचे पाय धुतात, टॉवेल-टोपी देतात आणि पितर जेवला असं मानतात. दरवर्षी वडिलांच्या वयाचे एक शेजारी बसायचे. यंदा ते अंथरुणाला खिळलेले होते.

चुलतीनं हरकत घेतली, ती माझ्यासाठी नाही, रीत मोडते म्हणून. “घरचा माणूस पितर बसत न्हाई, बाई.”

“तो घरचा कुठं राह्यला आता?” आई म्हणाली. “आपणच काढून दिला न्हाई का.”

मी उठून जायला हवं होतं. पुष्कळ जणींना मी हे सांगितलंय आणि सगळ्या म्हणतात, उठली का नाहीस. कारण आई जवळ आली होती. तिनं माझी वेणी गुंडाळून टोपीखाली सारली, कानावरची बट बोटानं आत घातली. लहानपणी तिनं माझे केस विंचरावेत म्हणून मी किती रडले होते. टॉवेल तिनं खांद्यावरून असा टाकला की ब्लाउज झाकला गेला. भावानं माझे पाय धुतले, नेलपॉलिश लावलेली बोटंसुद्धा, मान वर न करता. मग आईनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना तिचा हात माझ्या जबड्यावरून फिरला, कोनापासून हनुवटीपर्यंत, ज्या रेषेवर डॉक्टरांनी पेन फिरवलं होतं.

“जेवा,” म्हणाली. “सावकाश जेवा.”

पुरणपोळी होती, कुरडई होती, आमरस होता. पहिला घास घ्यायच्या आधी मी रसात बोट बुडवून चाटलं. आईच्या तोंडून हुंदका निघाला. ती वडिलांची सवय होती. ती माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. मी सगळं ताट संपवलं. आई पदरानं वारा घालत होती, आणि सात वर्षांनी जेवायला घालणारी आई माझ्याकडे बघून दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होती.

हात धुताना मी तिला मागच्या दारी ऑपरेशनचं सांगितलं. वाटलं, निदान विचारेल, दुखेल का. ती माझ्या हातावर पाणी ओतत राहिली.

“कर,” म्हणाली. “तुझं तोंड हाय. पण मंग इकडं येऊ नको. आमच्या घरात बाकी कुणात ते दिसत न्हाईत.”

ऑपरेशन मी केलं नाही. याला स्वतःचा स्वीकार म्हणतात की काय, मला ठाऊक नाही. मी काही स्वीकारलेलं नाही. आज तीन आखाज्या झाल्या. दरवर्षी जाते, टोपी घालते, जेवते, संध्याकाळच्या बसनं परत येते. शेजारी आता बरे झालेत, पण आई त्यांना बोलावत नाही.

डॉक्टरांकडून अधूनमधून विचारणा होते, तारीख द्यायची का. मी म्हणते, आखाजी होऊ द्या. ती झाली की पुढची होऊ द्या. खरं तर मी म्हणत असते, आई जाऊ द्या. हे माझं मलाच कळलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

आई गेल्यावर आखाजीला तिच्या नावानं एखादी बाई बोलावतील, पाय धुतील, साडी देऊन पाटावर बसवतील. तोंड कापून घेतलं काय, न घेतलं काय, ती बाई मी नसणार.