खाली ठेवलेला फिंजान

सरांनी फिंजान हातात घेतला. ओठांपर्यंत नेला नाही. तसाच भरलेला पुढ्यातल्या टेबलावर ठेवून दिला. कारण त्याच फिंजानातून त्यांच्याआधी मी कॉफी प्यायले होते.

एवढंच झालं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमागची मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक. गार एसी, जाड गालिचा, उदाचा वास. तिथं, त्या थाटात, माझा विटाळ पाळला गेला.

फिंजान म्हणजे मुठीत मावणारा, बिनकानाचा कॉफीचा कप. वाढणारा एका हातात सुरई आणि दुसऱ्या हातात फिंजान घेऊन फिरतो. पाहुण्यानं प्यायचं, पुरे झालं की फिंजान हलवून परत द्यायचा. त्यातच पुढच्या पाहुण्याला ओततात. सुरुवात उजव्या बाजूनं. इथली रीत आहे.

ही रीत मला सरांनीच शिकवली होती.

सर पुण्याचे. कंपनीचे मालक. ऑफिस दुबईत, अल कुसैसला. कामगारांच्या कॅम्पमधल्या किचनना आम्ही शेगड्या आणि मोठी भांडी पुरवतो. दर सोमवारी सर सगळ्या स्टाफला समोर बसवून ट्रेनिंग देतात. विषय: क्रॉस-कल्चरल कम्युनिकेशन. अरबासमोर पायाचा तळवा दाखवू नका. जर्मन माणसाला वाट बघायला लावू नका. जपानी माणसाचं कार्ड दोन्ही हातांनी घ्या, लगेच खिशात कोंबू नका. आणि शेवटी नेहमीचं वाक्य: "समोरच्याचा मान ठेवा, धंदा आपोआप होतो."

त्या वाक्याची स्लाइड मीच बनवली होती. मोठ्या ठळक अक्षरांत.

त्याच ऑफिसच्या पँट्रीत फळीवर कप आहेत. सगळ्यांचे. सकाळी जो हाताला लागेल तो. केरळचा बिजू त्यातून पितो, लाहोरचा ड्रायव्हर पितो, सर पितात. मला कागदी कप. नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग जरा थांबून, "म्हणजे तुम्ही कुणापैकी?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पँट्रीत कागदी कपांची चळत आली. "हायजेनिक असतात गं. मुद्दाम तुझ्यासाठी आणलेत."

आणि मी थँक्यू म्हणाले. हो, थँक्यू.

माझ्या आईच्या लहानपणी गावातल्या हॉटेलाबाहेर आमच्या लोकांचा कप वेगळा टांगलेला असायचा. कॉलेजात मी त्या कपावर भाषणं ठोकली. पत्रकं लिहिली, गेटवर उभी राहून वाटली. लोक टाळ्या वाजवायचे. आणि तोच कप कागदाचा होऊन कुसैसला माझ्या हातात आला, तेव्हा मी त्यात चहा प्यायले. गावी पैसे जात होते. व्हिसा कंपनीचा होता. आणि खरं सांगते, दुबईत हे असं होतं हे माझं मलाच कबूल करायचं नव्हतं.

तर मजलिस. वर्कशॉपचे मालक अबू हमद, वयस्कर, इथल्या जुन्या व्यापाऱ्यांसारखं फाडफाड हिंदी बोलणारे. त्यांच्या उजव्या हाताला मला सरांनीच बसवलं, लॅपटॉपवरची ड्रॉइंग दाखवायला सोपं पडावं म्हणून. त्यामुळे पाहुण्यांचा फिंजान आधी माझ्याकडे आला. मग सरांकडे. मग टेबलावर.

अबू हमद सावरून बसले. चेहरा गंभीर. "बोलो भाई, क्या माँगता है?"

सरांना कळेना. मलाही नाही.

"हमारे इधर," ते म्हणाले, "मेहमान ने फिंजान भरा हुआ नीचे रखा, तो मतलब उसको कुछ माँगना है। पहले वो बोलेगा, हम सुनेगा, फिर वो पिएगा।"

हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं. सर हसले आणि हसऱ्या चेहऱ्यानंच मला मराठीत म्हणाले, "अगं, तू आधी कशाला घेतलंस? आता सांग त्याला, माझा उपास आहे."

"सर का आज उपवास है," मी म्हणाले.

"उपवास?" अबू हमद मोठ्यानं हसले. "हबीबी, मेरा अकाउंटंट गुजराती है। उपवास में तो वो सारा दिन कॉफी पीता है!"

सर हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

मग अबू हमद यांची नजर टेबलावरच्या फिंजानावर गेली, तिथून सरांवर, तिथून माझ्यावर. माझ्यावर ती थांबली. त्यांनी बोटानं खूण केली. वाढणाऱ्यानं आतून नवा फिंजान आणला. सर प्यायले. वर आणखी मागून घेतली.

परक्या माणसानं माझी लाज झाकली. मला ती झाकणंच जास्त लागलं. कान तापले. मी स्क्रीनकडे बघत राहिले, ड्रॉइंगमधल्या शेगड्या धूसर होत गेल्या. ज्याला लाज वाटायला हवी तो मजेत खजूर खात होता. लाज मात्र मला वाटत होती. कशाची? मी काय केलं होतं? कॉफी प्यायले होते.

परतीच्या वाटेवर गाडीत सर खुशीत होते. "छान सांभाळलंस हं. ह्यालाच म्हणतात कम्युनिकेशन. सोमवारी सगळ्यांना सांग हा किस्सा."

सोमवार आला. बिजू, ड्रायव्हर, सेल्सची पोरं, सगळे बसलेले. माझ्या हातात कागदी कप, काठोकाठ चहा. सर म्हणाले, "सांग गं."

मी सांगितला. हिंदीत, सगळ्यांना कळेल असा. उपासाचं खोटं कुणी सांगायला लावलं, फिंजान खाली का ठेवला, नवा का आणावा लागला. माझी जात माझ्याच तोंडानं सांगताना जीभ जड झाली. तरी सांगितली. बिजूनं आपल्या हातातल्या कपाकडे बघितलं. मग मी पुढं गेले आणि भरलेला कागदी कप सरांच्या पुढ्यात ठेवला.

सर मराठीत आले. "काय तमाशा लावलायस? काय पाहिजे तुला?"

"फळीवरचा कप. मी पिणार, धुणार, परत त्याच फळीवर ठेवणार. कधीतरी तो तुमच्या हाताला लागणार."

"व्हिसा माझ्या कंपनीचा आहे. विसरू नकोस."

"नाही विसरले."

सर उठून केबिनमध्ये गेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ही काही कॉलेजची सभा नव्हती.

फळीवरचा कप अजून मिळालेला नाही. नोटीस येईल, येऊ दे. तोवर रोज सकाळी त्यांचा कागदी कप त्यांच्याच टेबलावर असेल, भरलेला, खाली ठेवलेला. मी पिणार नाही. आणि कुठल्याही मजलिसमध्ये, कुठल्याही भाषेत कुणी विचारलं, की हा माणूस का पीत नाही, तर मी खरं तेच सांगणार. त्यांच्या लाजेवर माझ्या जिभेचं पांघरूण आता मिळणार नाही. खलास.